इंटिग्रेटिव्ह थेरपी: घराण्यांच्या भांडणातून घडलेला उपचार

थेरपिस्ट शोधायला निघालेल्या माणसावर आधी नावांचाच मारा होतो. सीबीटी, सायकोडायनॅमिक, गेस्टाल्ट, पर्सन-सेंटर्ड, आणि बऱ्याच जणांच्या नावापुढे नुसतंच ‘इंटिग्रेटिव्ह’, म्हणजे अनेक पद्धतींचा समन्वय साधणारा. हे शेवटचं विशेषण सगळ्यांत मोघम वाटतं. त्यामागे अनेक दशकांची वादावादी आहे. ती ठाऊक असली, की समोरच्या माणसाला नेमकं काय विचारायचं हेही बरंचसं उमगतं.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानसोपचाराची दोन मोठी घराणी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हती. फ्रॉइडचं मनोविश्लेषण बालपणातून आणि नेणिवेतल्या संघर्षातून दुखण्याचा माग काढायचं. पावलॉव्हच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांचा आधार घेणारा वर्तनवाद म्हणायचा, जे दिसतं आणि मोजता येतं तेवढंच बघा. भीती शिकली गेली असेल तर ती घालवताही येईल. १९३२ मध्ये थॉमस फ्रेंच या मनोविश्लेषकाने अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या अधिवेशनात या दोन्ही विचारांमधली साम्यं दाखवणारा निबंध वाचला. त्यावरच्या चर्चेत अब्राहम मायर्सन यांनी सांगून टाकलं, की हे ऐकून पावलॉव्हचा भडका उडाला असता आणि आपल्याच पंथातल्या माणसाने जुळवलेली ही सोयरीक फ्रॉइडलाही रुचली नसती.

चारच वर्षांनी, १९३६ मध्ये, मानसशास्त्रज्ञ सॉल रोझेनझ्वाइग यांनी एक छोटासा लेख लिहिला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न त्यात आहे. एकमेकांना खोटं ठरवणारे सिद्धांत मानणारे उपचारक आपापले रुग्ण बरे करून दाखवत असतील, तर त्या यशाचं श्रेय सिद्धांताला कसं द्यायचं? रोझेनझ्वाइग यांचं म्हणणं असं, की सगळ्या पद्धतींत न बोलता काम करणाऱ्या काही समान गोष्टी असाव्यात: उपचारकाचं व्यक्तिमत्त्व, मनात साचलेलं मोकळं होणं, आणि आपल्या त्रासाचा काहीतरी सुसंगत अर्थ हाती लागणं.

या प्रश्नाकडे पुढे बरीच वर्षं फारसं कुणी वळलं नाही. १९५२ मध्ये मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी मात्र सगळ्यांचीच झोप उडवली. उपलब्ध आकडे मांडून ते म्हणाले, की ‘न्यूरॉटिक’ (चिंता, भीती अशा त्रासांच्या) रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक मानसोपचार न घेताही दोनेक वर्षांत सुधारतात. मग उपचाराचा उपयोग सिद्ध कुठे झाला? त्यांच्या आकडेमोडीवर पुष्कळ आक्षेप आले, पण परिणाम मोजण्याचं शास्त्र या धक्क्यामुळे जोमाने वाढलं. १९७७ मध्ये मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी ३७५ अभ्यास एकत्र तपासले. सरासरी उपचार घेणारा माणूस उपचार न घेतलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांपेक्षा बरा असल्याचं त्यांना दिसलं, आणि निरनिराळ्या पद्धतींमधला फरक किरकोळ निघाला.

यावरून कुठलीही पद्धत कुणालाही चालेल असा निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे. ओसीडीत, म्हणजे नको ते विचार आणि कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या विकारात, हात धुण्याची सक्ती जडलेल्या माणसाला दाराच्या कडीला हात लावायला सांगतात आणि लगेच धुवायचं नाही असं ठरवून घेतात. घालमेल वाढते, पण हात न धुताही ती सोसता येते आणि कालांतराने कमी होते, हे त्याला अनुभवातून कळतं. या त्रासात नुसत्या आपुलकीच्या गप्पा अशा सरावाची जागा घेऊ शकत नाहीत. पण हेही खरं, की समोरच्यावर विश्वास नसेल तर माणूस त्या कडीला हात लावणारच नाही. नातं आणि तंत्र हे असं एकमेकांत गुंतलेलं असतं, आणि समन्वयाची गरज इथूनच निर्माण होते.

हा समन्वय एकाच वाटेने झाला नाही. १९६७ मध्ये अर्नोल्ड लाझारस यांनी व्यवहारी भूमिका घेतली: तंत्र कुठल्याही घराण्याचं असो, उपयोगी असेल तर घ्या, त्यासाठी त्या घराण्याचा सिद्धांत गळी उतरवून घ्यायला नको. पॉल वाक्टेल यांनी १९७७ मध्ये सिद्धांतच एकमेकांत विणायचा प्रयत्न केला. त्यांची मांडणी मला विशेष भावते. समजा, एखाद्याला स्वतःच्या रागाची लहानपणापासून भीती आहे. म्हणून तो सतत पडतं घेतो. लोक त्याला गृहीत धरतात. त्यामुळे आतला राग वाढतो, आणि त्याबरोबर रागाची भीतीही. इथे बालपण खरं आहे, पण ते आजच्या वागण्यामुळे रोज नव्याने जिवंत राहतं. मग भूतकाळ समजून घेणं आणि ‘नाही’ म्हणायचा सराव करणं ही दोन वेगळी कामं उरत नाहीत. समन्वयावर काम करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९८३ मध्ये स्थापन झाली. एका घराण्यात पक्कं बसून बाकीच्यांतलं जपून सामावून घेण्याची तिसरी वाट स्टॅन्ली मेसर यांनी १९९२ मध्ये मांडली.

मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांच्या डीबीटीत (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीत) हा समन्वय अगदी ठळक दिसतो. वारंवार आत्महत्येकडे वळणाऱ्या स्त्रियांसोबत काम करताना त्यांनी आधी वर्तनोपचार वापरला. सतत ‘बदला’ असं ऐकून त्या स्त्रियांना वाटे, आपलं दुःख कुणी मानतच नाही. नुसता स्वीकार केला तर यातना तशाच राहत. लिनेहान यांनी झेन परंपरेतला स्वीकार आणि वर्तनोपचारातली कौशल्यं एकत्र आणली; १९९३ मध्ये ही पद्धत पुस्तकरूपाने आली.

म्हणून ‘इंटिग्रेटिव्ह’ म्हणवणाऱ्या थेरपिस्टला विचारायचा पहिला प्रश्न असा: तुम्ही कशाकशाचं प्रशिक्षण घेतलंय, आणि माझ्या बाबतीत काय, का निवडाल? समन्वय खरोखर अंगवळणी पडला असेल तर उत्तर तुमच्या त्रासापासून सुरू होतं. ‘सगळं थोडं थोडं करतो’ एवढंच ऐकू आलं, तर पुढे शोधावं. पदवी आणि नोंदणी आधीच तपासावी. अनुभवी माणसाकडून कामाचं सुपरव्हिजन घेता का, हेही विचारावं. चांगल्या थेरपिस्टला त्याचा राग येत नाही. भ्रम-भास होत असतील किंवा तीव्र मूड-विकार असेल, तर मनोविकारतज्ज्ञ सोबत हवाच. जिवाला धोका वाटत असेल तर निवडीत वेळ न घालवता तातडीची मदत घ्यावी.

नातं जुळतंय का, हे कसं ओळखायचं? एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये त्याचे तीन धागे सांगितले: ध्येयाबद्दल एकमत, करायच्या कामाबद्दल एकमत आणि परस्पर विश्वास. थेरपिस्ट प्रेमळ आहे, पण आपण कुठे चाललोय हेच कळत नाही, असं होऊ शकतं. तीन-चार सेशननंतर ते बोलून दाखवावं. रुग्णाची घसरण उपचारकांच्या नजरेतून सुटू शकते हे संशोधनात दिसलंय, त्यामुळे तुमचं सांगणं उपचाराच्या कामी येतं. ते ऐकून थेरपिस्टने दिशा बदलली, निदान कारण नीट समजावून सांगितलं, तर त्याच्याकडेच उपचार सुरू ठेवायला हरकत नाही. उलट तुम्हालाच दोष दिला, तर दुसरा थेरपिस्ट शोधावा.