परदुःख शीतल नसतं

गेल्या महिन्यात एका बारशाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या काकांनी माझ्या थोरल्या बहिणीला विचारलं, "तुम्ही काय करता?" ताई म्हणाली, "सिस्टर आहे, जळीत वॉर्डला." काका जरा थांबले आणि म्हणाले, "मग आता सवय झाली असेल." ताईनं नुसती मान डोलावली. २२ वर्षं हे वाक्य ती ऐकते आहे.

काकांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण दुसऱ्याचं दुःख रोज पाहिलं की त्याची सवय होते, म्हणजे मेंदूत नेमकं काय होतं? हे संशोधकांनी तपासलं आहे, आणि मला त्याचं विलक्षण आकर्षण आहे.

सुरुवात २००४ सालच्या एका प्रयोगापासून. लंडनमध्ये टानिया सिंगर आणि सहकाऱ्यांनी १६ जोडप्यांना बोलावलं. स्त्री एफएमआरआय यंत्रात, म्हणजे मेंदूचा कोणता भाग कामाला लागला ते दाखवणाऱ्या यंत्रात, जोडीदार शेजारी बसलेला. दोघांच्याही हाताला विजेचा झटका देणारी तार जोडलेली. पुढचा झटका कुणाला बसणार, हे पडद्यावरच्या खुणेवरून कळायचं. झटका स्वतःला बसला की मेंदूत दोन प्रकारचे भाग सक्रिय व्हायचे. एक, त्वचेच्या संवेदना नोंदवणारा पट्टा: कुठे लागलं, किती जोरात लागलं. दुसरा, इन्सुलाचा पुढचा भाग आणि सिंग्युलेट बाह्यक: लागल्याचं किती वाईट वाटलं. झटका जोडीदाराला बसला तेव्हा पहिला पट्टा शांत राहिला, पण इन्सुला आणि सिंग्युलेट सक्रिय झाले. म्हणजे 'कुठे लागलं' हे ज्याचं त्यालाच. 'वाईट वाटणं' मात्र दोघांच्या मेंदूत जवळजवळ त्याच जागी घडतं.

इन्सुला हा कानशिलाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या घडीत दडलेला भाग. हृदयाचे ठोके, श्वास, पोटातली हालचाल यांची खबर तिथे पोचत असते. दुसऱ्याचे हाल पाहून आपण 'पोटात तुटलं' म्हणतो, ते मला म्हणूनच फार नेमकं वाटतं. आपल्या भाषेत 'परदुःख शीतल' अशीही म्हण आहे. या प्रयोगात तरी ते शीतल निघालं नाही. (यात 'मिरर न्यूरॉन'ना ओढून आणणारे पुष्कळ असतात. त्या पेशी माकडांच्या मेंदूत हालचालींच्या संदर्भात सापडल्या. तेवढ्यावरून माणसाच्या कणवेचं अख्खं कोडं सुटत नाही.)

आता सवय. २००७ साली तैवानमध्ये यावेई चेंग यांच्या गटानं ॲक्युपंक्चर करणाऱ्या डॉक्टरांना आणि सामान्य माणसांना शरीरात सुया टोचतानाच्या चित्रफिती दाखवल्या. सामान्य माणसांचे इन्सुला आणि सिंग्युलेट सक्रिय झाले. डॉक्टरांचे झाले नाहीत. काका जिंकले, असं इथे वाटेल. पण डॉक्टरांच्या मेंदूत कपाळामागचे, भावनांना आवर घालणारे भाग कामाला लागले होते. मी याचा अर्थ असा लावतो: सवय म्हणजे बधिरपणा नव्हे, सवय म्हणजे ब्रेक. आणि घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरला तर तो तापतो. क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ साली बर्नआउट, म्हणजे कामानं पिचून जाणं, मोजण्याची प्रश्नावली केली. तिच्यातलं पहिलं लक्षण भावनिक थकवा, आणि दुसरं, समोरचा माणूस माणूस न वाटणं. पेशंटचा नुसता 'सात नंबर' होणं.

ब्रेक दाबायचा नाही आणि वाहूनही जायचं नाही, अशी तिसरी वाट आहे का? ओल्गा क्लिमेकी आणि सिंगर यांनी काही स्त्रियांना आधी समानुभूतीचा सराव दिला, म्हणजे समोरच्याचं दुःख स्वतः अनुभवायचं. दुःखाच्या चित्रफिती पाहून त्यांना अधिकच वाईट वाटू लागलं. मग त्याच स्त्रियांना करुणेचा सराव दिला: दुःख माझं नाही, पण याचं भलं व्हावं. वाईट वाटणं पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आलं, आपुलकीची भावना वाढली, आणि मेंदूत व्हेंट्रल स्ट्रायटमसारखे, सुखद भावनांशी निगडित असलेले वेगळेच भाग सक्रिय झाले. थकवते ती करुणा नव्हे. वाटून घेतलेली वेदना थकवते.

आता ताईच्या वॉर्डात या. एकदा नाइट संपताना तिला आणायला गेलो होतो. सकाळच्या ड्यूटीची सिस्टर पदराला पिन लावत होती. ताईचा चेहरा पाहून तिनं एवढंच विचारलं, "कितवा बेड?"

"अकरा."

"टक्के?"

"सत्तर. रात्रभर पाणी मागत होती. पहाटे मला तिचा राग आला गं."

"मलाही आला होता. मागं त्या चार नंबरच्याचा."

एवढंच. पण यातला 'राग' हा शब्द ताई घरी कधीच उच्चारत नाही. २००७ साली मॅथ्यू लीबरमन यांनी लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. त्या भावनेला नाव दिलं की अमिग्डालाची, म्हणजे धोका हेरणाऱ्या मेंदूतल्या भागाची, खळबळ उतरायची. चेहऱ्याला नुसतं बाईचं किंवा पुरुषाचं नाव दिलं तर तेवढी उतरत नसे. ताईनं त्या पहाटे तेच केलं, असं मला वाटतं.

मग ती हे मला का सांगत नाही? कारण 'सत्तर टक्के' ऐकताच माझ्याच पोटात खड्डा पडतो, आणि रात्रभर जागलेल्या ताईला उलट मलाच धीर द्यावा लागतो. सहकारी सिस्टरकडे तो ब्रेक आहे. ज्या सरावानं ती स्वतः थकते, त्याच सरावामुळे ती न कोसळता ऐकू शकते.

याचा अर्थ नुसतं भडाभडा बोलावं असा नाही. मन म्हणजे प्रेशर कुकर, वाफ सोडली की झालं, ही समजूत चुकीची आहे. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ सालच्या प्रयोगात, राग आणणाऱ्या माणसाला आठवत पोत्यावर गुद्दे मारणारे लोक शांत बसलेल्यांपेक्षा अधिक चिडलेले निघाले. दुर्घटनेनंतर सर्वांना एकदाच बसवून सगळं वदवून घेण्याच्या पद्धतीनंही पुढचा मानसिक आघात टळत नाही, असं अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं. आणि पेशंटची 'नकारात्मक ऊर्जा' अंगात शिरते म्हणून मिठाच्या पाण्यानं आंघोळ करा, असं थकलेल्या सिस्टरला कुणी सांगत असेल, तर तिला सांगा: ऊर्जा ही मोजता येणारी गोष्ट आहे, आणि ती अशी शिरत नाही.

नेमानं, आपल्याच लोकांत, उपदेशाविना ऐकणं मात्र उपयोगी दिसतं. केनेथ श्वार्ट्झ हे बोस्टनचे वकील १९९५ साली फुप्फुसाच्या कर्करोगानं गेले. आजारपणात नर्सांनी दाखवलेल्या मायेची आठवण ठेवून त्यांच्या नावानं रुग्णालयांत बैठका सुरू झाल्या. डॉक्टर, नर्स, सफाई कर्मचारी एकत्र बसतात, काही जण आपला अनुभव सांगतात, बाकीचे ऐकतात. तोडगा कुणी काढत नाही. इंग्लंडमधल्या पाहणीत नियमित येणाऱ्यांतलं मानसिक त्रासाचं प्रमाण निम्म्यावर आलं. मुळात येणारे आपल्या मर्जीनं येतात, हेही लक्षात घ्यायला हवं.

आणि नर्सांची संख्या अशा बैठकांनी वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली बर्नआउटची नोंद आजार म्हणून केली नाही, कामाच्या जागेशी निगडित स्थिती म्हणून केली. ताईच्या वॉर्डात 'ओव्हर' द्यायला, म्हणजे पुढच्या सिस्टरकडे ड्यूटी सोपवायला, दहा मिनिटं मिळतात. बेड, सलाईन, औषधं, सगळं त्यातच सांगायचं. 'कितवा बेड' त्याच्याही आधी, कपाटाच्या दाराआड उभ्यानंच. त्या खोलीत खुर्ची एकच आहे, आणि तिच्यावर रजिस्टरं ठेवलेली असतात.