करिटकचे डक क्लब: ट्रिपला निघण्याआधी एवढं वाचून या

नमस्कार मंडळी! अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या समुद्रकाठच्या वाळूच्या बेटांच्या, म्हणजे आउटर बँक्सच्या, आपल्या ट्रिपमध्ये आपण कोरोला गावाला थांबतो, तिथलं तांब्याच्या छपराचं ते पिवळं घर बघितलं की जवळजवळ प्रत्येक ग्रुपमध्ये कुणीतरी विचारतंच, एवढ्या आडबाजूला वाळूत हा महाल कुणी बांधला आणि कशासाठी? बदकांच्या शिकारीसाठी! म्हणून हे पत्रक.

इथली करिटक साउंड म्हणजे लांबलचक उथळ खाडी. 1828 मध्ये तिचं समुद्राकडचं तोंड वाळूने बुजलं, खारं पाणी हळूहळू गोडं होत गेलं, तळाशी वाइल्ड सेलरी नावाचं पाणगवत माजलं आणि ते खायला हिवाळ्यात कॅनव्हासबॅक बदकं, गीज, हंस थव्याथव्याने उतरायला लागले. पाठोपाठ उत्तरेकडचे श्रीमंत लोक आले, पाणथळ जमिनी घेतल्या, बदकांच्या शिकारीचे क्लब म्हणजेच डक क्लब काढले. करिटक शूटिंग क्लब तर 1857 चा.

क्लबमधला दिवस अंधारातच सुरू व्हायचा. गरमागरम नाश्ता, मग गाइड होडी वल्हवत मेंबरला खाडीत नेणार, वारा बघून डिकॉय म्हणजे नकली बदकं पाण्यात मांडणार. सगळ्यात भारी जुगाड सिंकबॉक्सचं. शवपेटीसारखी लाकडी पेटी, माणूस त्यात उताणा झोपणार, पेटीच्या चारी बाजूंना तरंगत्या फळ्या आणि त्यांवर ओतीव लोखंडाची जड बदकं ठेवायची म्हणजे पेटीचा काठ बरोब्बर पाण्याच्या लेव्हलला येतो, वरून उडणाऱ्या थव्याला खाली नुसती बदकंच दिसतात. गाइड लांब होडीत थांबायचा, बार झाले की पडलेले पक्षी गोळा करायला यायचा.

आमच्या मते क्लबचे खरे जाणकार हे गाइडच. मेंबर सीझन संपला की घरी जायचे, पण या लोकांची घरं इथेच, उन्हाळ्यात मासेमारी आणि हिवाळ्यात बदकं, तारेच्या सांगाड्यावर कॅनव्हास ताणून रंगवलेले डिकॉयसुद्धा तेच बनवायचे. ट्रिपमध्ये ते डिकॉय जवळून बघा, घाई करू नका.

आता ते पिवळं घर. एडवर्ड नाइट आणि त्यांची बायको मारी लुईज यांनी 1922 ते 1925 मध्ये बांधलं. बाईंना शिकारीची हौस, पण बाईमाणूस म्हणून क्लबने घेतलं नाही, म्हणून नवऱ्याने घरच बांधलं असं इथे सांगतात. ही आख्यायिका आहे, पण आम्हाला आवडते. आत टिफनी या प्रसिद्ध अमेरिकी कंपनीचे दिवे, कॉर्कची फरशी आणि जिकडेतिकडे वॉटर लिलीची नक्षी. घराला व्हेलहेड क्लब हे नाव 1940 नंतरच्या मालकाने दिलेलं, नाइट दांपत्य 1936 मध्येच वारलं.

बदकं कमी का झाली हेही बरेच जण विचारतात. बाजारासाठीची शिकार प्रचंड होती, बर्फात भरून पक्षी मोठ्या शहरांत विकायला जायचे. 1918 च्या कायद्याने ती विक्री थांबली. 1935 मध्ये सिंकबॉक्स, जिवंत बदकं आमिष म्हणून बांधणं आणि दाणे टाकून पक्षी बोलावणं हेही बंद झालं. खूप आधी व्हायला हवं होतं हे.

आपल्या ट्रिपमध्ये शिकार अजिबात नाही, फक्त बघणं. घराची गाइडेड टूर पॅकेजमध्येच आहे, शेजारच्या 1875 च्या लाल विटांच्या दीपगृहाचं तिकीट मात्र वेगळं, आणि जिने भरपूर आहेत, गुडघे दुखत असतील त्यांनी खालीच बसा. हंस बघायचे असतील तर डिसेंबर-जानेवारीचं बुकिंग घ्या, दुर्बीण आणा, आणि खाडीवरचा वारा फार बोचतो तेव्हा कानटोपी नक्की.