अपघातात आखडलेला सांधा : हालचाल परत मिळवणे

मोटारीच्या अपघातात हाड मोडल्यावर, सांधा निखळल्यावर किंवा अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा, लिगामेंट) फाटल्यावर तो सांधा पूर्वीइतका वाकत नाही किंवा पुरता सरळ होत नाही, तेव्हा तो आखडला असे म्हणतात. व्यायाम, हस्तोपचार, पट्टे आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया यांच्या साहाय्याने त्याची हालचाल परत मिळवावी लागते. एक्स-रेमध्ये हाड जुळलेले दिसते, प्लास्टर निघते आणि आता सुटलो असे रुग्णाला वाटते. गुडघा मात्र ४० अंश वाकल्यावर अडतो. यातला बराचसा ताठरपणा अपघाताने आलेला नसतो. नंतरच्या आठवड्यांत सांधा निश्चल राहिला, त्याचा तो परिणाम असतो. ही गोष्ट रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगायला हवी, कारण पुढचे सगळे उपचार तिच्यावरच उभे आहेत.

कोणते सांधे सापडतात

समोरून धडक बसली की बसलेल्याचा गुडघा डॅशबोर्डवर आदळतो. त्यात गुडघ्याची वाटी फुटते किंवा गुडघ्याच्या आत फुलीसारख्या आडव्या जाणाऱ्या दोन अस्थिबंधांपैकी मागचा (क्रूसिएट) तुटतो. धक्का मांडीच्या हाडातून वर गेला तर खुब्याचा गोळा खोबणीतून मागे निसटतो आणि कधी खोबणीची कडही मोडते. म्हणून गुडघा आपटलेल्या माणसाचा खुबा तपासल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. निखळलेला खुबा शक्यतो ६ तासांच्या आत जागेवर बसवतात, कारण उशीर होईल तसा गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरण्याचा धोका वाढतो. ब्रेकवर दाबून धरलेल्या पायाचा घोटा चिरडतो, तर स्टीअरिंग घट्ट धरणाऱ्याचे मनगट मोडते. मागून धडक बसली तर मानेला हिसका बसतो. त्याला व्हिपलॅश म्हणतात.

सांधा का आखडतो

सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. दाब पडला की स्पंजसारखे तिच्यातले पाणी बाहेर पडते आणि दाब सुटला की सांध्यातला द्रव पोषण घेऊन आत शिरतो. हालचाल थांबली की हे पोषणही मंदावते.

सांध्याभोवतीच्या आवरणाला ठिकठिकाणी सैल घड्या असतात. हात खाली असताना खांद्याच्या आवरणाची एक घडी काखेच्या बाजूला लोंबत असते आणि हात वर नेला की ती उलगडते. गुडघ्याच्या वाटीच्या वर, मांडीच्या स्नायूखाली, अशीच एक पिशवी असते. गुडघा वाकताना ती उलगडली नाही तर वाटी खाली सरकत नाही. इजेनंतर या घड्यांत रक्त आणि सूज साचते, तिथे व्रणाचे धागे तयार होतात आणि घडीच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात. आवरणातले कोलॅजन या चिवट प्रथिनाचे तंतूही आपसांत बांधले जाऊन आखूड होतात. स्नायू आखूड स्थितीत बांधून ठेवला तर त्याच्या धाग्यातले आकुंचनाचे घटकच कमी होतात, म्हणजे तो खरोखर लांबीने घटतो.

सुजेचा वेगळा विचार करायला हवा. पाणी भरलेला गुडघा आपोआप सुमारे ३० अंश वाकलेला राहतो, कारण त्या स्थितीत आत सर्वाधिक जागा असते. रुग्णाला त्यातच आराम वाटतो आणि घरचे लोक मायेने गुडघ्याखाली उशी देतात. ती उशी तिथे दिवसरात्र राहिली की गुडघा सरळ होणेच विसरतो. शिवाय सांध्यातल्या पाण्यामुळे मांडीच्या पुढच्या स्नायूला मज्जातंतूंकडून मिळणारा संदेश दबतो. रुग्ण मनापासून प्रयत्न करतो, तरी स्नायू आवळत नाही. त्याला आळशी ठरवणे अन्याय आहे.

विश्रांती की हालचाल

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनचे शल्यचिकित्सक ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) यांनी दीर्घ आणि अखंड विश्रांतीचा पुरस्कार केला, तर फ्रान्सचे शल्यचिकित्सक झ्यूस्त ल्यूका-शांपिओनिएर (१८४३–१९१३) लवकर हालचालीच्या बाजूने होते. पुढे १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या एओ या शल्यचिकित्सकांच्या गटाने मोडलेले हाड प्लेट आणि स्क्रूने इतके पक्के बसवावे की लगतचा सांधा लगेच हलवता येईल, हे धोरण रुजवले. कॅनडातल्या टोरांटोचे शल्यचिकित्सक रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७०च्या दशकात सशांवर प्रयोग करून दाखवले की सांधा सतत हलता ठेवला तर कूर्चेची जखम अधिक चांगली भरते. त्यांच्या कामातूनच पाय आपोआप वाकवणारे आणि सरळ करणारे यंत्र रुग्णालयांत आले. मात्र यंत्राने हलवलेला पाय आणि रुग्णाने स्वतः हलवलेला पाय यांत फरक आहे. सांधारोपणानंतर, म्हणजे कृत्रिम सांधा बसवल्यावर, या यंत्राचा फायदा अल्पच आढळला आहे.

मोजमाप

सांधा किती हलतो हे गोनिओमीटर या कोनमापकाने मोजतात. निरोगी गुडघा साधारण १३५ ते १४० अंश वाकतो. सपाट जमिनीवर चालायला ६० ते ७० अंश लागतात; जिना उतरायला किंवा खुर्चीतून उठायला ९० किंवा त्याहून थोडे अधिक. कोपराची रोजची बहुतेक कामे ३० ते १३० अंशांच्या टप्प्यात होतात. हे आकडे रुग्णाला सांगावेत, असे या लेखकाचे ठाम मत आहे. ८५ वरून ९५ अंशांवर जाणे म्हणजे हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठता येणे, हे कळले की त्या दहा अंशांसाठी माणूस जीव ओततो.

मोजताना दोन आकडे घेतात : रुग्ण स्वतः किती वाकवतो आणि दुसऱ्याने वाकवल्यास किती वाकतो. दुसरा आकडा बराच मोठा असेल तर सांधा मोकळा आहे, कमकुवत स्नायू आहे. दोन्ही सारखेच कमी असतील तर अडथळा बहुधा सांध्यात किंवा आखूड झालेल्या स्नायूत आहे. शेवटच्या टोकाला हाताला काय जाणवते तेही पाहतात. चामड्यासारखा ताण जाणवला तर आवरण आखडलेले असते आणि ते सैल होऊ शकते. हाडावर हाड आदळल्यासारखे टणक थांबले तर ताणून उपयोग नाही.

व्यायाम

गुडघ्याचा सर्वांत साधा व्यायाम म्हणजे टाच सरकवणे. रुग्ण पाय लांब करून बसतो, टाचेखाली गुळगुळीत कापड असते, तळव्याभोवती टॉवेल गुंडाळून दोन्ही टोके हातात घेतो आणि टाच हळूहळू कुल्ल्याकडे ओढतो. जिथे ताण लागतो तिथे थांबून तीस सेकंद श्वास चालू ठेवायचा; बहुतेक जण नेमका तिथेच श्वास रोखतात आणि स्नायू उलट आवळतो. मग पाय सोडायचा, आणि पुढच्या खेपेला टाच बोटभर पुढे जाते. सरळ होण्यासाठी टाचेखाली गुंडाळी ठेवून गुडघा अधांतरी सोडायचा आणि वजनानेच त्याला खाली येऊ द्यायचा.

आखडलेले आवरण झटक्याने सैल होत नाही. हलका ताण बराच वेळ ठेवला तर तंतू हळूहळू लांबतात. जोराने खेचले तर सूक्ष्म जखमा होऊन सूज येते आणि नवा व्रण तयार होतो. म्हणून एकाच वेळी तासभर राबण्यापेक्षा दिवसातून चार-पाचदा थोडे थोडे करणे हिताचे. व्यायामानंतरचे दुखणे तासा-दोन तासांत ओसरले तर मात्रा बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी सांधा सुजलेला आणि गरम असेल तर ती कमी करावी. व्यायामाआधी शेक आणि नंतर बर्फ यांनी त्रास हलका होतो.

एक गोंधळ वारंवार होतो. सांधा हलवण्याची परवानगी आणि त्यावर वजन टाकण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घोट्यावर पाऊलही टेकू नका असे सांगितलेले असताना तोच घोटा पलंगावर बसून वर-खाली हलवायला सांगितलेला असू शकतो. दोन्ही परवानग्या शल्यचिकित्सकाला वेगवेगळ्या विचाराव्यात.

सांध्यागणिक फरक

कोपर सर्वांत हट्टी. इजेनंतर त्याच्याभोवतीच्या स्नायूंत नवे हाड तयार होण्याची शक्यता असते, म्हणून तिथे जोराची मालिश आणि जबरदस्तीने वाकवणे टाळतात. रुग्णाने स्वतःच्या बळावर केलेली हालचाल आणि हळूहळू ताण वाढवणारे पट्टे यांवर भर देतात. बोटे बांधावी लागली तर हाताच्या पंजाशी असलेले सांधे वाकवून आणि पुढचे सांधे सरळ ठेवून बांधतात, म्हणजे अस्थिबंध ताणलेल्या लांबीत राहतात. मानेच्या हिसक्यात हाड मोडलेले नाही आणि मज्जातंतूंना इजा नाही याची खात्री झाल्यावर आठवडेच्या आठवडे कॉलर लावू नये. मान हलकेच फिरवत राहणे बरे, अशी शिफारस १९९५ साली कॅनडातल्या क्यूबेकच्या तज्ज्ञगटाने केली.

प्रगती थांबल्यास

बहुतेक सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत दिसते. नंतरही वर्षभर थोडी थोडी होत राहते. काही आठवडे आकडा एकाच जागी अडकणे स्वाभाविक आहे. महिनोन्महिने अडकला तर भूल देऊन सांधा वाकवतात, दुर्बिणीतून चिकटलेले धागे कापतात, किंवा गुडघ्यासाठी मांडीचा पुढचा स्नायू मोकळा करण्याची मोठी शस्त्रक्रिया करतात. भुलेखाली वाकवताना ठिसूळ झालेले हाड मोडण्याचा धोका असतो. शस्त्रक्रियेनंतर व्यायाम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू झाला नाही तर मिळवलेली हालचाल पुन्हा जाते.

पोटरी अचानक सुजून दुखणे, ताप आणि सांध्याची लाली, किंवा इजेच्या मानाने भलतीच तीव्र जळजळ होऊन हाता-पायाचा रंग आणि घाम बदलणे, यांपैकी काहीही दिसले तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावे.

पुन्हा गाडी चालवण्याआधी डॉक्टरांची संमती लागते. बंद गाडीत बसून ब्रेक पूर्ण जोराने आणि न कचरता दाबता येतो का, मान वळवून मागची बाजू दिसते का, हे आधी पाहावे. अनेकांना सांधा मोकळा झाल्यावरही त्या सीटवर बसताना छातीत धडधडते, आणि भीतीने आवळलेली मान तितकीच कमी वळते. त्या भीतीचीही चौकशी व्हायला हवी आणि तिच्यावरही उपचार व्हायला हवेत.