ओला चेंडू, कोरडा चेंडू आणि मॅकग्रोरीची मान

ग्लासगोचा फुटबॉलपटू जिमी मॅकग्रोरी 1922 साली तिथल्याच सेल्टिक क्लबात आला आणि 1937 मध्ये निवृत्त झाला. लीगमधले सामने 408, गोल 410. जानेवारी 1928 मध्ये डनफर्मलिनविरुद्ध तर त्याने एकट्याने आठ गोल केले. उंची जेमतेम साडेपाच फूट, तरी ख्याती हेडरची, म्हणजे चेंडू डोक्याने मारण्याची! लोक त्याला ‘मानवी टॉर्पेडो’ म्हणत.

त्याची भिस्त होती मानेवर. माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं. मान ढिली असेल तर चेंडूच्या धक्क्याने ते झटकन मागे जातं. मानेचे स्नायू वेळेवर आवळले की धडाचं वजन पाठीशी येतं. डोकं कमी हलतं आणि चेंडू जोरात परततो. मॅकग्रोरी बुटका असला तरी खांदे रुंद, मान दणकट.

त्या काळचा चेंडू चामड्याचा. पावसात भिजलेली कोल्हापुरी पायात ओढत ज्यांनी घर गाठलंय, त्यांना स्कॉटलंडच्या पावसात त्या चेंडूचं काय होत असेल ते सांगायला नको. म्हणून फुटबॉलपटूंच्या मेंदूच्या आजारांचा सगळा दोष जुन्या चेंडूवर टाकायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. वजन 20 टक्के वाढलं तर गतिज ऊर्जा 20 टक्केच वाढते. वेग तेवढाच वाढला तर 44 टक्के. आणि भिजलेला चेंडू मंदावतो, आजचा कोरडा चेंडू सुसाट येतो.

कवटीत मेंदू द्रवात तरंगत असतो. डोक्याला हिसका, त्यातही पीळ बसला की चेतातंतू ताणले जातात. एका हेडरने कळत नाही. प्रश्न हजारोंचा आहे. ग्लासगो विद्यापीठाच्या विली स्टुअर्ट यांच्या चमूने 1900 ते 1976 दरम्यान जन्मलेले 7,676 स्कॉटिश व्यावसायिक खेळाडू तपासले. सर्वसामान्यांच्या तुलनेत हृदयविकाराने ते कमी दगावले होते, पण डिमेन्शियासारख्या मेंदूझिजीच्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण सुमारे साडेतीनपट निघालं. पुढच्या विश्लेषणात बचावपटूंची जोखीम सर्वाधिक, जवळपास पाचपट. गोलकीपरांमध्ये ठळक वाढ नाही. जन्मदशकानुसार मात्र जोखीम बदलली नाही, म्हणजे चामडी चेंडू गेला तरी घट दिसली नाही. हे निरीक्षणावरचं संशोधन, त्यामुळे हेडरच गुन्हेगार असं ते ठामपणे सांगत नाही. संशय मात्र तिकडेच वळतो.

2022 पासून स्कॉटलंडच्या व्यावसायिक क्लबांत सामन्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी सरावात हेडर बंद आहे.