बोर्डिंगला घेण्याआधी आम्ही मांजराचं तोंड का बघतो

सुट्ट्यांच्या दिवसांत खाली रिक्षा थांबलेली असते, गाडीची वेळ झालेली असते, आणि आम्ही मात्र दारातच तुमच्या मांजराचा ओठ वर करून बघत बसतो. एका आजोबांनी वैतागून विचारलंही होतं, ‘‘दात काय बघताय, घोडा घेताय का विकत?’’ प्रश्न रास्त होता. त्याचं नीट उत्तर दारात उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून हे माहितीपत्रक.

आम्ही पुण्यात, घरचे बाहेरगावी असताना, मांजरं सांभाळणारी माणसं आहोत, डॉक्टर नाही. रोगाचं नाव सांगणं आमचं काम नाही आणि आम्ही ते सांगणारही नाही. पण रोज इतक्या मांजरांना खाताना, जांभई देताना, अंग चाटताना बघितलं की काय नेहमीचं आणि काय वेगळं हे डोळ्यांना कळायला लागतं. वेगळं दिसलं तर आम्ही तुम्हाला डॉक्टरांकडे पाठवतो. क्वचित बोर्डिंगच्या तारखाही पुढे ढकलायला सांगतो. त्याचा राग मानू नका.

तोंडाची सूज आणि तोंडाचा कॅन्सर

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पण घरी त्या एकसारख्या दिसतात: लाळ गळते, तोंडाला वास येतो, मांजर वाटीपाशी जातं आणि न खाताच मागे फिरतं.

सूज म्हटली की बहुतेक वेळा हिरड्यांची. दातांवर कीटण साचतं, त्याच्या कडेने हिरडी लाल होते. ते दात साफ करून आटोक्यात येतं. मात्र काही मांजरांत तोंडाच्या अगदी मागच्या भागात, घशाच्या दोन्ही बाजूंना, कच्च्या मांसासारखी लाली पसरते. याला डॉक्टर जिंजिव्होस्टोमॅटायटिस म्हणतात. मांजराची स्वतःची प्रतिकारशक्तीच तोंडाच्या आतल्या त्वचेवर उलटलेली असते. ते इतकं दुखतं की जांभई देताना मांजर मध्येच किंचाळतं. हा आजार कोणत्याही वयात होतो, अगदी तरुण मांजरालाही.

कॅन्सर बहुधा उतारवयातल्या मांजराला, साधारण दहा-बारा वर्षांच्या पुढे. मांजरांच्या तोंडात होणाऱ्या कॅन्सरपैकी बहुतांश एकाच प्रकारचे असतात, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. त्याची लबाडी अशी की तो नेहमी गाठीसारखा दिसत नाही. कधी जिभेखाली न भरणारी जखम, कधी खालच्या जबड्याला एका बाजूने आलेला जाडपणा, कधी बाकी तोंड स्वच्छ असूनही हलायला लागलेले एक-दोन दात. तो हाडात आत शिरतो. उशिरा सापडला तर हातात काही महिनेच राहतात, वर्षभर काढणारी मांजरं फार थोडी. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात, लहान असताना सापडला तर शस्त्रक्रियेचा विचार होऊ शकतो. आमचा सगळा आग्रह लवकर बघण्यासाठी आहे तो यामुळेच.

एका ग्राहकांचा बारा वर्षांचा बोका दारातच आम्हाला खटकला. उजव्या पुढच्या पंजाचे केस तपकिरी आणि कडक झाले होते, डावा पंजा मात्र पांढराशुभ्र. लाळ एकाच बाजूने गळत होती आणि तो ती त्याच पंजाने पुसत होता. घरच्यांनी कुठे तरी घाणीत पाय पडला असेल असं धरलं होतं. जिभेखाली टणक लागत होतं. पुढचं डॉक्टरांनी बायोप्सी करून, म्हणजे तिथला छोटा तुकडा काढून तपासून, सांगितलं. दोन्ही पंजे शेजारी ठेवून बघायला काही साधन लागत नाही, एवढं तुम्हीही करू शकता.

लाली दोन्ही बाजूंना सारखी असेल तर बहुधा सूज, एकाच बाजूला काही असेल तर जास्त घाई, असं आम्ही ढोबळमानाने धरतो. निदान मात्र भूल देऊन, नीट तपासून आणि गरज वाटल्यास तुकडा काढूनच होतं. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: दात काढल्यावर ती जागा दोन-तीन आठवड्यांत भरून यायला हवी. भरली नाही तर ‘अजून एक अँटिबायोटिक देऊन बघू’ असं न म्हणता बायोप्सीबद्दल विचारा.

हिरड्या सुजल्या म्हणजे उद्या कॅन्सर, असं समीकरण मांडून कृपया रात्री झोप उडवून घेऊ नका. बहुसंख्य सुजलेल्या हिरड्या सुजलेल्या हिरड्याच असतात.

फॉर्मवर ‘घरात कोणी सिगारेट ओढतं का’ हा प्रश्न कशाला?

या प्रश्नाला सगळ्यात जास्त लोक अडखळतात. आम्हाला तुमच्या सवयींशी देणंघेणं नाही, मांजराच्या जिभेशी आहे.

महाराष्ट्रात तंबाखू म्हटलं की चघळणं आधी येतं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात राज्यातले जवळपास चौथा हिस्सा प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरणारे निघाले, ओढणारे ४ टक्क्यांच्या आत. माणसाच्या तोंडाच्या कॅन्सरचं इथलं गणित त्यामुळे गुटखा-मशेरीशी जोडलेलं आहे. मांजराचं तसं नाही. मांजर तंबाखू खात नाही, पण धुरातले कण त्याच्या केसांवर, सोफ्यावर, पांघरुणावर बसतात. मग दिवसातले कितीतरी तास ते स्वतःला चाटत बसतं आणि ते सगळं जिभेवर घेतं. गॅलरीत जाऊन ओढलं तरी शर्टाला चिकटलेलं घरात येतंच, आणि त्याच शर्टावर ते झोपतं. मशेरी भाजतानाचा धूर हाही तंबाखूचाच धूर.

२००२ साली अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी धुराचा संबंध मांजरांच्या लिम्फोमा या दुसऱ्या कॅन्सरशी दाखवला. पाच किंवा अधिक वर्षं धुरात राहिलेल्या मांजरांत धोका तिपटीहून जास्त होता. तोंडाच्या कॅन्सरबाबत २००३ च्या अभ्यासात तो साधारण दुप्पट दिसला, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो आकडा पक्का ठरला नाही. २०२२ मध्ये इटलीतून आलेल्या अभ्यासातही धूर पुन्हा यादीत होता. बाहेर मोकळं फिरणं, ग्रामीण भागातलं राहणं आणि रासायनिक मिश्रकं घातलेलं तयार खाद्य यांचाही संबंध तिथे दिसला. संबंध दिसणं आणि कारण सिद्ध होणं यात फरक आहे, तो आम्ही विसरलेलो नाही. तरीही एवढं कळल्यावर घरात ओढायला आमच्या मते काही सबब उरत नाही.

पिसवांचा पट्टा

पावसाळा सुरू झाला की पिसवा वाढतात आणि गळ्यात पट्टे दिसायला लागतात. वर सांगितलेल्या २००३ च्या अभ्यासात पिसवांचे पट्टे वापरणाऱ्या मांजरांत तोंडाच्या या कॅन्सरचा धोका सुमारे पाचपट आढळला. अभ्यास लहान होता, कॅन्सर झालेली फक्त ३६ मांजरं. शिवाय त्या काळच्या अमेरिकी पट्ट्यांतली औषधं आणि आजच्या पट्ट्यांतली औषधं एकच नव्हेत. म्हणून ‘पट्ट्याने कॅन्सर होतो’ असं आम्ही म्हणणार नाही. पण पट्टा बारा महिने तोंडापासून चार बोटांवर असतो, आणि पिसवांसाठी मानेवर मागच्या बाजूला, जीभ पोचत नाही तिथे टाकायचे थेंब मिळतात. दोन्हींतून निवडायचं तर आम्ही थेंब निवडू.

थेंब मांजराचेच आणि वजनाप्रमाणे घ्या. घरात कुत्रा असेल तर त्याचं उरलेलं औषध मांजराला चुकूनही लावू नका. कुत्र्यांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं. त्याने मांजराला झटके येतात, जीवही जातो. कॅन्सरची शक्यता दूरची, हा धोका त्याच दिवशीचा.

खाण्याबद्दल

२००३ च्या त्याच अभ्यासात मुख्यतः डब्यातलं ओलं अन्न खाणाऱ्या मांजरांत धोका साधारण तिप्पट आणि डब्यातला टूना खाणाऱ्यांत त्याहून जास्त दिसला. का, ते ठरलेलं नाही. अन्नातलं काही असेल, किंवा ओल्या अन्नाने दात कमी घासले जात असतील. यावरून पाउच फेकून देऊ नका. किडनीचा किंवा लघवीचा त्रास असलेल्या मांजराला ओलं अन्न गरजेचं असतं आणि ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायचं नाही. बाकीच्यांसाठी आमचं मत इतकंच की रोज तोच टूना नको. ‘ती दुसरं काही खातच नाही’ हे आम्ही रोज ऐकतो. एरवी खात्यापित्या मांजराची सवय हळूहळू मोडता येते, उपाशी ठेवून मात्र नाही.

सुके बोंबील आणि सुकट देणाऱ्यांना वेगळं सांगणं आहे: मीठ भरपूर असतं आणि काटा हिरडीत रुततो. संक्रांतीच्या आसपास अचानक लाळ गळायला लागली तर डॉक्टरांना जिभेखाली बघायला आवर्जून सांगा. मांजाचा दोरा जिभेच्या मुळाशी अडकतो आणि दुसरं टोक पोटात गेलेलं असतं. दोरा दिसला तरी ओढू नका, आतडं कापलं जाऊ शकतं.

घरात मांजरं किती?

दीर्घकाळच्या सुजेचा आजार एकट्या मांजरापेक्षा अनेक मांजरांच्या घरात जास्त दिसतो. कॅलिसी नावाचा विषाणू अशा बहुतेक तोंडांत सापडतो. तो मांजराला सर्दी आणि जिभेवर व्रण देतो, आणि बरं झाल्यावरही काही मांजरं तो महिनोन् महिने बाहेर टाकत राहतात. कोरड्या पृष्ठभागावरही तो बराच टिकतो. वाटी, टॉवेल, आमचे हात, सगळीकडून तो पसरू शकतो.

म्हणून आमच्याकडे प्रत्येकाची वाटी वेगळी, दोन घरची मांजरं एका खोलीत नाहीत, आणि ज्याला डॉक्टर ट्रायकॅट म्हणतात त्या लशीची नोंद असल्याशिवाय प्रवेश नाही. लस घेतलेल्या मांजराला संसर्ग होणारच नाही असं नाही, पण आजार सौम्य राहतो. खोल्या आम्ही पातळ केलेल्या ब्लीचने पुसतो आणि नंतर साध्या पाण्याने. फिनाईल वापरत नाही, आणि तुम्हीही वापरू नये असं वाटतं. मांजराचं यकृत फिनॉलसारखी द्रव्यं नीट निचरू शकत नाही, आणि ओल्या फरशीवरून चालून आलेलं मांजर पंजे चाटतंच. काही सुगंधी फ्लोअर क्लीनरमधल्या बेन्झाल्कोनियम क्लोराइड या जंतुनाशकानेही जिभेवर व्रण पडतात. अशा तोंडाला घरचे लोक ‘उन्हाळा लागला’ म्हणतात.

सूज जुनी असेल तर एफआयव्ही आणि एफईएलव्ही या दोन विषाणूंची रक्ततपासणी करून घ्या. आणि डॉक्टरांनी दाढा किंवा सगळेच दात काढायला सांगितले तर लगेच दुसऱ्या दवाखान्याची वाट धरू नका. ऐकायला क्रूर वाटतं हे खरं. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ९५ मांजरांच्या अभ्यासात दात काढल्यावर सुमारे दोन तृतीयांश मांजरं पूर्ण बरी झाली किंवा त्यांना चांगलाच आराम पडला. बिनदातांची मांजरं जेवतात, काही तर ड्राय फूडही गिळतात. दर महिन्याला स्टेरॉइडचं इंजेक्शन घेत राहणं सोपं वाटतं, पण त्यातून पुढे मधुमेह होऊ शकतो.

घरी करू नये असं काही

क्रोसिन किंवा कोणतंही पॅरासिटामॉल देऊ नका. माणसाच्या एका गोळीने मांजर मरू शकतं. आजीच्या बटव्यातलं लवंगतेलही नको, ते मांजराला विषारी आहे. बोरोग्लिसरीन नको. माणसाची टूथपेस्ट नको, मांजर थुंकत नाही, गिळतं. दात घासायचेच असतील तर मांजराची पेस्ट आणि बोटावर गुंडाळलेली मऊ मलमल पुरते. मात्र आधीच लाल झालेल्या तोंडात ब्रश घालू नका.

दर आठवड्याला एकदा ओठ वर करून दोन्ही बाजूंच्या हिरड्या बघा. मागून धरा, समोरून नव्हे, आणि पाच सेकंदांत सोडा. एका बाजूची लाळ, रक्ताचा डाग, तोंड वाकडं करून चावणं, जबड्याचा उंचवटा, अंग चाटणं सोडल्याने पाठीवर बसलेल्या केसांच्या गाठी, यांतलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टर. ‘म्हातारं झालंय’ हे वाक्य आम्ही निदान म्हणून स्वीकारत नाही.

बोर्डिंगला येताना

लसीचं कार्ड, चालू औषधं आणि नेहमीचं खाद्य सोबत आणा. तुमच्या डॉक्टरांचा नंबर फॉर्मवर लिहा, आणि तुम्ही विमानात असताना निर्णय घेऊ शकेल अशा एका पुण्यातल्या माणसाचाही. मांजराने आमच्याकडे पूर्ण एक दिवस काही खाल्लं नाही तर आम्ही रात्र असली तरी फोन करतो. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साचायला लागते आणि ते प्रकरण मूळ दुखण्यापेक्षा अवघड होऊन बसतं. फोन लागला नाही तर फॉर्मवरच्या सहीप्रमाणे आम्ही मांजराला तुमच्या डॉक्टरांकडे नेतो. बिल तुम्ही परत आल्यावर पावतीसकट मिळतं.