चिखलाच्या पोटातलं खत

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड-शहापूरकडच्या भातखाचरांत आर्द्रा-पुनर्वसूत आवणी, म्हणजे रोपांची लावणी, उरकते आणि थोड्याच दिवसांत युरियाची गोणी फुटते. पाण्यावर फेकलेल्या या युरियातला जेमतेम एक तृतीयांश नत्र पिकाला मिळतो. बाकीचा कुठे जातो, ते चिखल पाहिल्यावर कळतं.

चिखलणीत, म्हणजे पाणी भरून नांगरताना, ढेकळं फुटतात, बारीक कण खाली बसतात आणि 15 ते 20 सेंमी खोलीवर घट्ट थर तयार होतो. म्हणून पाणी खाचरात टिकतं. पाण्यातून ऑक्सिजन मातीत उतरतो तो हवेपेक्षा सुमारे दहा हजारपट सावकाश. उतरतो तेवढाही जिवाणू लगेच वापरून टाकतात. त्यामुळे चिखलाचे दोन थर पडतात: वर काही मिलिमीटरांचा तांबूस पापुद्रा, जिथे ऑक्सिजन आहे, आणि त्याखाली करडा-निळसर चिखल, जिथे तो नाही.

युरिया पाण्यात विरघळला की त्याचा अमोनियम होतो. भर दुपारी पाण्यातलं शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पाण्याचा सामू (pH) वाढतो आणि अमोनिया वायू होऊन उडतो. जो अमोनियम तांबूस पापुद्र्यात शिरतो त्याचं जिवाणू नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋण भार असतो आणि चिकणमातीच्या कणांवरही, म्हणून माती त्याला धरून ठेवत नाही. ते खालच्या थरात झिरपतं. तिथले जिवाणू श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरतात आणि नत्र वायुरूपात हवेत परत जातो. त्यात जुलैचा पाऊस. दिवसाला 100 मिमी पडला तर खाचरात 10 सेंमी पाणी चढतं, बांधावरून खालच्या खाचरात जातं आणि खतही सोबत नेतं.

उपाय चिखलातच आहे. अमोनियम थेट ऑक्सिजन नसलेल्या थरात पोहोचवला तर त्याचं नायट्रेट होत नाही, आणि धन भारामुळे तो मातीच्या कणांना धरून राहतो. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातलागवड पद्धतीचा हा गाभा आहे. रोपं दोरीवर 15 आणि 25 सेंमी अशा आलटून-पालटून अंतरांनी, दोन्ही दिशांना लावायची. एका चुडात, म्हणजे एका जागी, दोन-तीनच रोपं. चार चुडांमधल्या 15 सेंमीच्या प्रत्येक चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपीची (डीएपी म्हणजे नत्र आणि स्फुरद देणारं डायअमोनियम फॉस्फेट) 2.7 ग्रॅमची एक गोळी 7 ते 10 सेंमी खोल खोचायची आणि भोक चिखलाने बुजवायचं. गुंठ्याला 625 गोळ्या लागतात, म्हणजे पावणेदोन किलोच्या आत. हेक्टरी हे सुमारे 170 किलो होतं. युरिया 60 आणि डीएपी 40 टक्के असेल तर त्यातून साधारण 59 किलो नत्र मिळतो. विखरून देताना सुधारित वाणांना हेक्टरी 100 किलो नत्राची शिफारस असते. गोळीत पालाश (पोटॅश) नसतो, तो वेगळा द्यावा.

गोळी आवणीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, चिखल मऊ असतानाच खोचावी. पाणी दोन-तीन सेंमीच ठेवावं. गोळी वर राहिली, भोक उघडं राहिलं किंवा चौकोनात पाय पडून ती उचकटली, तर फेकलेल्या युरियासारखीच गत होते. चालायचं ते 25 सेंमीच्या पट्ट्यातून. काम वाकून करावं लागतं, मजूर कुरकुरतात. तरीही घरच्या माणसांनी निदान चार गुंठ्यांवर हे करून पाहावंच, असं आमचं ठाम मत आहे.

ऑक्सिजन नसलेल्या चिखलात भात जगतो कसा? त्याच्या खोडातून मुळांपर्यंत हवेच्या पोकळ्या असतात. मुळांतून थोडा ऑक्सिजन बाहेर झिरपतो आणि त्यांच्यावर लोहाचा गंजासारखा थर चढतो. एखादा चूड उपटून पाहावा. मुळं पांढरी किंवा तांबूस असली तर ठीक; काळी पडून कुजक्या अंड्यांचा वास आला तर हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. मग दोन-तीन दिवस पाणी काढून जमिनीला हवा द्यावी. हिरवळीचं खत म्हणून गिरिपुष्पाचा पाला उशिरा गाडला की हा त्रास हमखास होतो. तो आवणीच्या आठ-दहा दिवस आधीच चिखलात जायला हवा.

फुटव्यांच्या काळात पाणी 5 सेंमी, पोटरी (लोंबी पोटात असतानाची अवस्था) ते फुलोरा 10 सेंमीपर्यंत ठेवावं. खेकड्यांनी बांधाला पाडलेली भोकं रोज चिखलाने दाबावी लागतात, नाहीतर ही सगळी मापं कागदावरच राहतात.

कापणीआधी दहा दिवस पाणी सोडलं की हवा आत शिरते आणि करडा चिखल पुन्हा तपकिरी होतो. हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं, भात निघाल्यावर वाल टोकायचा तो याच ओलीवर. मात्र वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येऊ द्यावा: निळसर चिखलात बी कुजतं आणि मुळांवरच्या गाठींना नत्र धरायला लागणारी हवाही मिळत नाही. उलट भेगा रुंदावेपर्यंत थांबलं तर वरची ओल निघून जाते. मूठभर माती दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने ढकलताच फुटावा, तो दिवस पेरणीचा.