सॉफ्टवेअर काढलं तरी व्हिज्युअल सी++ मागे का राहतं

विंडोजमध्ये इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रामची लिस्ट उघडली की व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल (मायक्रोसॉफ्टच्या सी++ मध्ये लिहिलेले प्रोग्राम चालायला लागणाऱ्या फाइल, म्हणजे रनटाइम) २००५, २००८, २०१० अशी रांगच दिसते, त्यात परत ३२ बिट वेगळं, ६४ बिट वेगळं, आणि ज्या सॉफ्टवेअरसोबत हे सगळं आलं ते कधीच काढून टाकलेलं असतं. हा निष्काळजीपणा नाहीये, हे मुद्दाम मागे ठेवलेलं असतं.

विंडोज ३.१ च्या काळात डिस्क छोट्या, मेमरी चार-पाच एमबी, त्यामुळे एकच डीएलएल, म्हणजे तयार कोडची फाइल, सगळ्या प्रोग्रामनी मिळून वापरायची आणि ती सिस्टिम फोल्डरमध्ये ठेवायची हे बरोबरच होतं. लोचा सेटअपमध्ये होता. नीट लिहिलेला सेटअप आधी व्हर्जन बघायचा, बाकीचे सरळ नव्या फाइलवर जुनी चढवायचे, आणि कालपर्यंत व्यवस्थित चालणारं तिसरंच काहीतरी बंद पडायचं. डीएलएल हेल म्हणतात ते हेच.

काढताना तर अजून वांधे. विंडोज ९५ पासून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, शेअर्डडीएलएल्स नावाची की (नोंदींचा कप्पा) असते, त्यात फाइलचा पाथ आणि समोर एक आकडा. इन्स्टॉल करणाऱ्याने तो एकने वाढवायचा, काढणाऱ्याने एकने कमी करायचा, शून्य झाला की फाइल उडवायला मोकळे. पण हे चालणार कधी, तर सगळ्यांनी इमानदारीने मोजलं तर! कुणी आकडा वाढवायचाच नाही, कुणी रीइन्स्टॉल करताना परत वाढवायचा, नुसता फोल्डर कॉपी करून चालवलेल्या प्रोग्रामची तर नोंदच नाही. मग अनइन्स्टॉल करताना बॉक्स यायचा, ही शेअर्ड फाइल आता कुणी वापरत नाही असं दिसतंय, काढू का? आता हे साध्या युजरला कसं कळणार, त्याला हा प्रश्न विचारणंच चुकीचं होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढे विंडोज २००० सिस्टिमच्या फाइल बदलल्या तर मूळ फाइल परत आणून ठेवायला लागलं, ऑफिस २००० सोबत एमएसआय हे इन्स्टॉल पॅकेज आलं, त्यात ही मोजणी विंडोज इन्स्टॉलर स्वतःच करतो. २००१ मध्ये एक्सपीने विनएसएक्सएस नावाचा फोल्डर आणला, म्हणजे एकाच डीएलएलची अनेक व्हर्जन शेजारी शेजारी. सी++ २००५ आणि २००८ चे रनटाइम तिथेच जातात. पण मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे प्रोग्रामला कुठलं व्हर्जन हवं ते लिहिलेलं असतं त्यात, जरा चूक झाली की प्रोग्राम सुरूच होत नाही, म्हणून २०१० पासून गाडी परत सिस्टिम३२ या सिस्टिम फोल्डरवर आली, फक्त फाइलच्या नावातच व्हर्जन. आणि २०१५ ते २०२२ ला एकच पॅकेज पुरतं.

म्हणूनच आज बरेच इन्स्टॉलर रनटाइम गुपचूप टाकतात पण जाताना त्याला हात लावत नाहीत, आणि ते योग्यच आहे, थोडी डिस्क अडली तरी चालेल पण दुसऱ्याचं सॉफ्टवेअर एमएसव्हीसीपी१४० ही रनटाइमची डीएलएल सापडत नाही म्हणून अडायला नको. काही जण डीएलएल आपल्याच फोल्डरमध्ये ठेवतात, मग अनइन्स्टॉल एकदम स्वच्छ होतं, पण त्या कॉपीला विंडोज अपडेट हात लावत नाही, सिक्युरिटी फिक्स आला की नवीन बिल्ड ज्याची त्यानेच द्यायची.